पहार धरणारी

खाणीत घण मारणारे चाळीस जण होते, पण डोळे मिटून मारणारा एकच.

त्याला कारण होतं. तरुणपणी दगडाची कपची उडून त्याचा डावा डोळा थोडक्यात वाचला होता. तेव्हापासून घण डोक्यावरून खाली यायला लागला की त्याचे डोळे आपोआप मिटत. तरी मार चुकत नसे, कारण पहार त्याची बायको धरायची. दोन्ही हातांनी ती पहार दगडावर उभी धरी. घण पडला की पाव फेरा फिरवी, हात पुन्हा घट्ट बसवी आणि मग म्हणे, "हं." ते ऐकलं की घण उठे. घण, फेरा, हं. सुरुंगाचं भोक हातभर खोल गेलं की ती आत पाणी ओती आणि वाकड्या सळईनं चिखल उपशी. तेवढाच त्याला विसावा.

सुरुंग भरणारा म्हातारा एकदा म्हणाला होता, "बाकीच्यांना बायकांवर ओरडावं लागतं. इथं बायको नुसतं हं म्हणते आणि हा बैलासारखा राबतो."

"बैलाला निदान डोळे उघडे ठेवावे लागतात, काका," ती म्हणाली होती. सगळी खाण हसली होती, तोही.

एकोणीस वर्षांत तिच्या बोटाला ओरखडा आला नव्हता.

त्या उन्हाळ्यात मोठ्या रस्त्याचं काम निघालं आणि खडी कमी पडायला लागली. मुकादमाला सगळे फुटपट्टी म्हणत, कारण तो हातात खुणा केलेली काठी घेऊन फिरायचा आणि प्रत्येक भोकात खुपसून खोली मोजायचा. जोडीमागं दिवसाला चार भोकं पडत. त्यानं सहा सांगितली.

घणाचा धक्का पहारीतून धरणाऱ्याच्या मनगटात जातो आणि मनगटातून खांद्यात. महिन्याभरात तिला हात वर नेता येईना. डोक्याला बांधायचं फडकं तो बांधून देऊ लागला.

"डोकं बांधताय की दगड?" ती म्हणायची.

"दोन्ही सारखंच."

खाणीच्या फाटकाशी दोन खोल्यांत एक डॉक्टर नुकताच येऊन बसला होता. ती म्हणाली, शेकून बघते. "शेकून काय होतंय, चल," असं म्हणून तो स्वतः तिला घेऊन गेला. पुढं कुणीही कितीही समजावलं तरी हे त्याच्या डोक्यातून गेलं नाही. तिला तिथं त्यानंच नेलं होतं.

डॉक्टर गोड बोलला. तिला ताई म्हणाला, खांदा दाबून बघितला आणि एक सुई दिली. दारातून बाहेर पडताना तिनं दोन्ही हात सरळ डोक्यावर नेले आणि तशीच उभी राहिली. तो इतका खूश झाला की दुसऱ्या दिवशी त्यानं खाणभर सांगितलं. तिचा धाकटा भाऊ तिथंच पाट्या वाहायचा. तिशी आली होती, पण बहिणीनंच वाढवलेला, म्हणून अजून तिच्याच हातचं जेवायचा. त्याची कंबर धरली होती.

"दाजी सांगतात म्हणजे जायलाच हवं," मेव्हणा म्हणाला आणि गेला.

सुट्टीच्या दिवशी नवराबायकोनं काळ्या दगडाचा एक चिरा घडवला, चारी कडा दोरीत आणल्या आणि डॉक्टरच्या दाराला पायरी बसवून दिली. उपकार ठेवायचे नाहीत म्हणून.

दोन महिन्यांत दवाखान्यापुढं सकाळी रांग लागायला लागली. आधी दुखणं म्हणून येत, मग सुई नाही घेतली तर दुखतं म्हणून येत. डॉक्टर आता कुणाला ताई म्हणत नव्हता. तो मागं घर बांधत होता आणि घराभोवती भिंत. "आधी दहा दगड लाव, मग आत ये," म्हणायचा. बायका अंगण झाडत, पुरुष दगड वाहत. कुणी कुरकुरलं तर त्याला शेवटी घ्यायचा. तेवढं पुरे होई. थरथरणारा माणूस शेवटचा नंबर फार वेळ सोसू शकत नाही. फुटपट्टी हे सगळं बघायचा आणि काठी घेऊन पुढं जायचा. सुई घेतलेली जोडी सहा भोकं पाडत होती.

आपली बायको बदलली आहे हे त्याला कळत होतं आणि कळून घ्यायचं नव्हतं. ती कमी जेवे, बसल्या बसल्या पेंगे. पण पहारीला बसली की "हं" वेळेवर येत होता.

त्या दिवशी ऊन असं होतं की घणाचा दांडा ओल्या फडक्यानं धरावा लागत होता. पाचवं भोक चाललं होतं. घण, फेरा, हं. घण, हं. मधला फेरा झाला नाही, हे त्याच्या कानाला कळलं. हाताला कळायला उशीर झाला. घण वर गेला होता. डोळे मिटले होते.

लोखंडावर घण पडला की खणकतो. हा खणकला नाही.

त्यानं डोळे उघडले. तिनं पहारीच्या डोक्यावर डावा पंजा ठेवला होता, दाराच्या कडीवर ठेवावा तसा. पंजा आता पंजा राहिला नव्हता. दोन बोटं चपटी होऊन एकमेकांत गेली होती, मनगटातून पांढरं हाड बाहेर आलं होतं आणि पहारीवरून रक्त भोकात उतरत होतं.

तिनं हाताकडं बघितलं, दुसऱ्या कुणाचा असल्यासारखं. मग त्याच्याकडं बघितलं.

"अहो, थांबलात का?" ती म्हणाली. "मारा की. हं."

त्यानं घण टाकला आणि तो खाली बसून ओकला.

शहरातल्या मोठ्या दवाखान्यात तिची दोन बोटं काढली आणि हात प्लास्टरमध्ये घातला. तिथल्या डॉक्टरीणबाईनं तिची बाही वर सारली, दंडावरची भोकं बघितली आणि विचारलं, "हे कोण देतंय?"

त्यानं सांगितलं.

"हे रोज द्यायचं औषध नाही. याची चटक लागते. तुमच्या बाईला लागलीय." तिनं त्याला बाजूला घेतलं. "इथं ठेवून सोडवता येईल, पण खाट आठ दिवसांनी रिकामी होईल. तोवर हाल होतील, फार होतील. आणि एक नीट ऐका. चार दिवस बंद राहिल्यावर कुणी तिला पहिल्याइतकी सुई दिली, तर ती त्यात जाईल. अंगाला तेवढी सोसत नाही मग."

त्यानं ते दोनदा म्हणून दाखवलं, चुकू नये म्हणून.

घरी आल्यावर तो थेट डॉक्टरकडं गेला. रांग लागलेली होती. रांगेत मेव्हणाही होता, स्वतःचेच दंड चोळत. डॉक्टर चहा पीत होता.

"मोठ्या डॉक्टरांनी सांगितलंय," तो म्हणाला. "आजपासून तिची सुई बंद. तुम्ही पहिल्याइतकी दिलीत तर ती मरेल. सांगून चाललोय."

"मी कुणाला बोलवायला जातो का?" डॉक्टरनं कप खाली ठेवला. "येतात. बरं, सांगितलंस. ऐकलं मी."

त्या "बरं"नं त्याचं डोकं फिरलं. टेबलावर ट्रेमध्ये बाटल्या मांडल्या होत्या. त्यानं ट्रे उचलला आणि फरशीवर आपटला.

रांग त्याच्यावर पडली. रोज त्याच्या शेजारी घण मारणारी माणसं होती ती. एकानं मागून गळा आवळला, एकानं तोंडावर गुडघा घातला. नाकाचं हाड आत गेलं तो आवाज त्यानं आतून ऐकला. तो खाली पडल्यावर लाथा सुरू झाल्या आणि बरगडीत बसलेली एक लाथ त्याला ओळखू आली. ती चप्पल त्याच्याच घरात दाराशी असायची.

"दाजी, काय केलंत हो," मेव्हणा रडत होता आणि मारत होता. "काय केलंत हे."

डॉक्टर खुर्चीवरून उठला नाही. "बाहेर न्या त्याला. आणि फरशी पुसून घ्या."

त्याला दारातून फरफटत नेलं तेव्हा त्याचं डोकं त्या काळ्या पायरीवर आपटलं. सुजलेल्या डोळ्यानं त्यानं मागं बघितलं. फरशी कुणी पुसत नव्हतं. दोघं ओणवे होऊन काचांतलं औषध बोटानं टिपत होते. एकाचं बोट कापलं होतं, त्याचं त्याला भान नव्हतं.

घरी त्यानं पाट्या बांधायचा दोर घेतला आणि बायकोला खाटेला बांधलं. तीच म्हणाली होती, बांधा म्हणून. सकाळी म्हणाली आणि दुपारी शिव्या द्यायला लागली.

तिनं एकोणीस वर्षांत त्याला अरे म्हटलं नव्हतं. आता बापापासून सुरुवात करून तिनं त्याच्या सगळ्या पिढ्या काढल्या. तिला घाम फुटे आणि थंडी वाजे. खाल्लेलं वर येई आणि अंथरुणात होई. तो पुसे, धुई, पुन्हा बांधी. पाणी पाजायला वाकला तर तिनं न बांधलेला प्लास्टरचा हात त्याच्या मोडक्या नाकावर हाणला. दुसऱ्या दिवशी तिनं त्याच्या दंडाचा चावा घेतला आणि सोडीना. त्यानं हात ओढून घेतला नाही. दात किती रुतलेत ते बघत तो तसाच बसून राहिला. आपण हिला घण मारला, तिनं निदान चावायला हवं, असं त्याला वाटत होतं.

"मारून टाका मला," ती म्हणायची. "तुमचा नेम चांगला आहे."

चौथ्या दिवशी सकाळी ती शांत झाली. डोळे स्वच्छ दिसत होते.

"अहो," ती म्हणाली. "नाक फार सुजलंय. मी केलं का?"

"आधीच मोडलं होतं."

"पहार आत आणलीत? गंजेल."

"आणलीय."

"माझ्या भावाचं काय?"

"रांगेत."

"त्याला धरा. मला धरलंत तसं. तो मारेल, चावेल. सोडू नका. त्याला माझ्याशिवाय कुणी नाही, आणि माझा काय भरवसा."

"धरीन."

"दोर सोडा आता. केस धुवायचेत. वास येतोय माझा मलाच."

खाट मिळायला चार दिवस बाकी होते. त्यानं तिच्या तोंडाकडं बघितलं.

"नक्की?"

"हं," ती म्हणाली.

पूर्वीसारखा नीट, हात बसल्यावर यायचा तसाच आला तो शब्द. त्यानं दोर सोडला आणि बादली घेऊन तो नळावर गेला. नळाची धार बारीक होती आणि त्याच्यापुढं पंधरा भांडी होती. तासाभरानं तो परत आला तेव्हा दार उघडं होतं आणि खाट रिकामी.

तो धावला. बरगडी श्वासाला टोचत होती तरी धावला. ती डॉक्टरच्या भिंतीला टेकून बसलेली होती, पाय पसरून, मान एका बाजूला. ओठ निळे पडले होते. दंडावर रक्ताचा एक ताजा थेंब होता. उजव्या हाताची बोटं सिमेंटनं माखलेली होती. भिंतीवर वरच्या थराला दहा नवे दगड होते, वेडेवाकडे, एका हातानं ठेवलेले. त्यांच्यामधलं सिमेंट अजून ओलं होतं.

त्यानं तिला हलवलं, गालावर मारलं, तोंडात फुंकर घातली. तिचे केस धुतलेले नव्हते.

डॉक्टर दारात आला होता.

"किती दिलीत?" त्यानं विचारलं.

"नेहमीची. रडत होती, दया आली."

"मी सांगितलं होतं."

"अरे, तिनं मागितली. तू घरच्या बाईला सांभाळायचं सोडून इथं काय..." एवढं बोलून डॉक्टर आत गेला आणि त्यानं कडी लावली.

पोलीस आला, एक कागद घेऊन गेला. कागदावर डॉक्टरनंच लिहून दिलं होतं की हृदय बंद पडलं. तिचं सगळं उरकलं. मेव्हणा आला होता, पण उभं राहता येईना म्हणून बसून राहिला आणि मग सगळ्यांच्या आधी उठून कुठंतरी गेला. कुठं, ते सगळ्यांना माहीत होतं.

पाचव्या दिवशी फुटपट्टी दारात आला. काठी दाराला टेकवून म्हणाला, "झालं ते वाईट झालं. पण जागा किती दिवस अडवणार? दुसरी धरणारी बघ कुणी. नाहीतर पाट्या वाहा."

"आज बघतो," तो म्हणाला.

फुटपट्टी गेल्यावर त्यानं पहार पुसली, घणाचा दांडा पाण्यात भिजवला, फुगून घट्ट बसावा म्हणून. मग दोन्ही खांद्यावर टाकून तो निघाला. दहाचा सुमार होता. रांगेत बारा-पंधरा जण होते. घण बघून रांग आपोआप बाजूला झाली.

घण आणि पहार पायरीपाशी ठेवून तो आत गेला आणि त्यानं डॉक्टरला कॉलर धरून खुर्चीवरून उचललं. डॉक्टरनं त्याच्या डोळ्यात बोटं घालायचा प्रयत्न केला, तेव्हा त्यानं त्याचं तोंड टेबलाच्या कडेवर आपटलं. दोन दात टेबलावर राहिले. केसांना धरून त्यानं त्याला बाहेर ओढलं आणि काळ्या पायरीपाशी गुडघ्यावर बसवलं. पहार पायरीच्या मधोमध उभी केली.

"धर."

"काय... काय करतोयस तू?"

"दोन्ही हातांनी धर. मी मारला की पाव फेरा फिरवायची, हात घट्ट बसवायचे आणि हं म्हणायचं. हं म्हटलंस की मी मारणार. माझे डोळे मिटतात, ते ध्यानात ठेव. पहार सोडून पळालास तर डोक्यात घालीन."

डॉक्टरनं रांगेकडं बघितलं. "अरे, बघताय काय? धरा ना याला."

रांगेतून कुणी पुढं येईना. मग मेव्हणा दोन पावलं आला. त्याच्या नाकातून पाणी गळत होतं.

"दाजी, हात नको," तो म्हणाला. "पाय मोडा हवं तर. हाताचं काम आहे त्याचं. अजून आमचं व्हायचंय."

"मागं हो."

घण पडला. पहार खणकली. पायरीच्या दगडातून ठिणगी उडाली.

"फिरव."

डॉक्टरनं फिरवली. त्याच्या तोंडातून रक्त आणि लाळ हातांवर गळत होती.

"म्हण."

"हं."

दुसरा घण पडला. तिसरा. डॉक्टरचे खांदे प्रत्येक धक्क्याला उडत होते, तोंडातून हुंदके येत होते, पण पहार फिरत होती. चौथा. पाचवा. दगडात वाटीएवढा खड्डा पडला. आता घणाला लय आली. तिच्यानंतर पहिल्यांदाच त्याचे खांदे मोकळे झाले. मिटल्या डोळ्यांपुढं तीच बसलेली होती, डोक्याला त्यानं बांधलेलं फडकं होतं. तो कितीतरी वेळ मारत राहिला असता.

"हं," डॉक्टर म्हणाला, आणि पहार फिरली नव्हती. या वेळी ते हाताला वेळेवर कळलं. घण अजून डोक्यावर होता आणि थांबवता आला असता.

त्यानं डोळे मिटूनच तो खाली आणला.

खणकला नाही. डॉक्टर जनावरासारखा ओरडला. पळायच्या बेतात त्यानं एक हात काढून घेतला होता आणि दुसरा पहारीच्या डोक्यावर टेकवला होता. तो हात आता पायरीवर पसरला होता. पहार आडवी पडली आणि अंगणात घरंगळत गेली.

त्यानं घण खाली ठेवला. आता सगळे आपल्यावर पडतील म्हणून तो वाट बघत उभा राहिला. ते आले, पण त्याच्यावर नाही. ते त्याच्या बाजूनं, डॉक्टरच्या अंगावरून, मोडक्या हातावर पाय देऊन आत घुसले. आत कपाट पडल्याचा आवाज झाला. काच फुटली. दोघं एकमेकांचे केस धरून भिंतीवर आपटायला लागले. एक बाई बाटली छातीशी धरून पळाली आणि तिच्यामागं तिचाच नवरा दगड घेऊन धावला.

मेव्हणा बाहेर आला. कपाळ फुटलं होतं. त्याच्या एका हातात भरलेली सुई होती आणि ती भरताना कुणी काही मोजलं नव्हतं. तो भिंतीपाशी गेला, बहीण बसली होती तिथंच बसला आणि दंडाला सुई लावू लागला. हात इतका हलत होता की सुई लागेना.

"दाजी," तो म्हणाला. "जरा धरा ना. हात धरा माझा. एवढंच करा."

तो भिंतीपाशी गेला आणि वाकला. सुई काढून घेऊन टाचेखाली चिरडली. मग त्यानं मेव्हण्याची दोन्ही मनगटं पकडली.

मेव्हण्यानं आधी विनवण्या केल्या. मग तो तोंडावर थुंकला. मग डोक्यानं त्याचं नाक पुन्हा फोडलं, बरगडीत गुडघा घातला, आणि काहीच चालेना तेव्हा त्याच्या दंडाचा चावा घेतला. बहिणीच्या दातांच्या खुणा अजून बुजल्या नव्हत्या, त्यांच्याच शेजारी.

एकोणीस वर्षं त्यानं फक्त मारलं होतं. धरायचं काम तिचं होतं. धक्का मनगटातून खांद्यात कसा चढतो, हे त्याला पहिल्यांदाच कळत होतं.

ऊन चढलं. आतला आरडाओरडा कमी झाला. डॉक्टर पायरीवर कुशीवर पडून कण्हत होता. रस्त्याच्या वळणावर पोलिसांची गाडी दिसली तेव्हा मेव्हणा दमून त्याच्या छातीवर डोकं टेकून थरथरत होता.

"सोडा ना, दाजी," तो हळू आवाजात म्हणाला. "आता बरं वाटतंय मला. खरंच. सोडा."

आवाज शांत होता. अगदी तिच्यासारखा.

त्यानं डोळे उघडे ठेवले, मनगटांवरची बोटं नीट बसवली आणि पकड आणखी घट्ट केली.